नि. 5 चा अर्ज नामंजूर झाला: जिल्हा न्यायालयात अपील करावं का?

रानवाट

नमस्कार मंडळी. प्रश्न घरचा आहे, पण असे दावे गावोगाव चालू असतात म्हणून इथे सविस्तर लिहिते.

पश्चिम महाराष्ट्रात आमची शेती आहे. शेती आण्णा, म्हणजे माझे वडील, बघतात. मी नोकरीमुळे बाहेर असते. लगतच्या गटाच्या मालकांनी पावसाळ्याआधी जेसीबी लावून सरबांध, म्हणजे दोन शेतांमधला हद्दीचा बांध, कोरायला सुरुवात केली. बांधावरची बाभळ पाडली, आमच्या बाजूची माती ओढून नेली. आण्णांनी तालुक्याला दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर यांच्याकडे कायमच्या मनाईचा दावा लावला आणि सोबत तात्पुरत्या मनाई हुकुमाचा अर्ज (निशाणी 5, म्हणजेच नि. 5) दिला. प्रतिवादींनी कैफियत (दाव्याला उत्तर) आणि म्हणणं (अर्जाला उत्तर) दाखल केलं, दोन्ही बाजूंचा युक्तिवाद झाला आणि नि. 5 चा अर्ज नामंजूर झाला.

आदेशात मुख्य तीन गोष्टी आहेत. पूर्वेकडची हद्द दाव्यात नेमकी दिलेली नाही. अतिक्रमण किती क्षेत्रावर झालं ते मोजणीशिवाय सांगता येत नाही. आणि प्रतिवादीने दाखवलेल्या जुन्या वाटपाचा दाव्यात उल्लेखच नाही.

वकील म्हणतात, जिल्हा न्यायालयात अपील करू. आण्णांचं म्हणणं, "खालच्याने नाही म्हटलं म्हणून वरचा का हो म्हणेल?" अपिलाने नेमकं काय मिळतं? मुदत किती? तोवर समोरच्याने बांध पूर्ण सपाट केला तर? आणि आता मोजणी करून नकाशा अपिलात देता येतो का?

सह्याद्री_वारा

ताई, अजिबात थांबू नका. अपील केलंच पाहिजे, नाहीतर हा आदेश कायम होईल आणि दाव्याचा निकालही तसाच लागेल. जमल्यास थेट हायकोर्टात जा. जिल्ह्याला सगळी ओळखीची माणसं असतात.

काळा_कोट

सह्याद्री, तुमची कळकळ समजते, पण यातल्या दोन गोष्टी दुरुस्त करणं गरजेचं आहे. नाहीतर वाचणारा भलत्या वाटेला लागेल.

कनिष्ठ स्तराच्या आदेशावरचं अपील जिल्हा न्यायालयातच जातं. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 43 (संहितेतल्या प्रकरणांनाही 'आदेश' म्हणतात) नियम 1(आर) मध्ये मनाई हुकूम देणाऱ्या किंवा नाकारणाऱ्या आदेशाविरुद्ध अपिलाची तरतूद आहे. आपल्याकडे ते किरकोळ दिवाणी अपील म्हणून नोंदलं जातं. मुंबईत नगर दिवाणी न्यायालयाचा आदेश असेल तर ते उच्च न्यायालयात जातं. वरिष्ठ स्तराच्या बाबतीत दाव्याचं मूल्यांकन किती, यावर ठरतं. हे ठिकाण पक्षकाराला निवडता येत नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. नि. 5 वरचे निष्कर्ष प्रथमदर्शनी असतात. साक्षीपुरावा झाल्यावर तेच न्यायाधीश नेमका उलटा निकाल देऊ शकतात आणि देतात. अपील केलं नाही म्हणून दावा हरला, असं होत नाही.

आता रानवाट यांच्या मूळ प्रश्नाकडे. आण्णांची शंका अगदी योग्य जागी आहे. तात्पुरत्या मनाईसाठी तीन गोष्टी बघतात: प्रथमदर्शनी केस, तुलनात्मक गैरसोय (हुकूम दिला किंवा नाकारला तर कोणाला जास्त त्रास) आणि भरून न येणारं नुकसान. तिन्ही लागतात. तरीही हुकूम देणं न देणं हा न्यायाधीशाचा विवेकाधिकार असतो. त्यामुळे अपिलात जिल्हा न्यायाधीश "मी असतो तर काय केलं असतं?" असा विचार करत नाहीत. खालच्या न्यायालयाने मनमानी केली का, कागद दुर्लक्षित केले का, ठरलेली तत्त्वं सोडून निर्णय दिला का, एवढंच बघतात. वाँडर लिमिटेड विरुद्ध अँटॉक्स इंडिया या 1990 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं आणि तेव्हापासून जवळजवळ प्रत्येक मनाईच्या अपिलात समोरचा वकील तोच निकाल वाचून दाखवतो.

म्हणून माझं ठाम मत सांगतो. मनाईची लढाई नि. 5 च्या टप्प्यावरच लढायची असते. अपील ही दुसरी संधी आहे असं धरून जो पहिल्या टप्प्यावर कागद कमी लावतो, त्याला वर काही मिळत नाही. तुमच्या आदेशातली तीन कारणं वाचली तर तिन्ही दाव्याच्या मांडणीतल्या उणिवांवर बोट ठेवतात. न्यायाधीशांनी काही दुर्लक्षित केलं असं त्यातून दिसत नाही. ते दिसलं तरच अपिलात दम आहे.

एक विचारतो. दाव्यासोबत कोणते कागद यादीने दाखल केले होते?

रानवाट

सातबारा, फेरफार, आठ अ, आण्णांच्या नावचं जुनं खरेदीखत, गटाचा नकाशा आणि मोबाइलवर काढलेले जेसीबीचे फोटो. खरेदीखतात चतु:सीमा आहेत आणि पूर्वेला "सरबांध, त्यापलीकडे अमुकचा गट" असं स्पष्ट लिहिलंय. आदेशात खरेदीखताचा उल्लेख कुठेच नाही, हे आत्ता तुमचा प्रतिसाद वाचून पुन्हा बघितलं तेव्हा लक्षात आलं.

काळा_कोट

मग चित्र बदलतं. हद्द नेमकी नाही असं म्हणताना चतु:सीमा असलेला नोंदणीकृत दस्त आदेशात विचारात घेतलेला नसेल, तर तो अपिलाचा खरा मुद्दा आहे. अपील मेमोत, म्हणजे अपिलाच्या अर्जात, "आदेश कायद्याच्या विरुद्ध आहे" अशी मोघम वाक्यं दहा लिहिण्यापेक्षा हे एकच लिहा: दस्तऐवज यादीतला क्रमांक अमुक, पान अमुक, पूर्व सीमा अशी नमूद, आदेशाच्या परिच्छेद अमुकमध्ये हद्द स्पष्ट नाही असा निष्कर्ष, या दस्ताची चर्चा नाही. जिल्हा न्यायाधीशांना पाचव्या मिनिटाला कळलं पाहिजे की चूक कुठे आहे.

वाटपाचा मुद्दा मात्र अवघड आहे. मनाई मागणाऱ्याने वस्तुस्थिती लपवली असेल तर विशिष्ट अनुतोष अधिनियम 1963 च्या कलम 41(आय) प्रमाणे त्याच्या वागणुकीवरूनच दाद नाकारता येते. ते वाटप तुमच्या घरातलं की त्यांच्या?

रानवाट

त्यांच्या घरातलं, त्यांच्या भावाभावांतलं. आण्णा त्यात नव्हतेच. त्यांना ते माहीत असण्याचंही कारण नाही.

काळा_कोट

मग लपवलं असं म्हणता येत नाही. ज्या वाटपात आपण पक्षकार नाही त्याचा उल्लेख आपल्या दाव्यात कसा असणार? हा दुसरा मुद्दा. तुमच्या वकिलांचा सल्ला बरोबर दिसतोय. अपील करा.

अभिलेख

मी दिवाणी न्यायालयाच्या कार्यालयातून निवृत्त झालो आहे. कायद्याचा अर्थ वकील सांगतील. मी खिडकीवरचं सांगतो, कारण चांगली चांगली अपिलं तिथे अडकलेली मी पाहिली आहेत.

जिल्हा न्यायालयात अपिलाची मुदत 30 दिवस, उच्च न्यायालयात 90 दिवस. मुदत अधिनियमाचं अनुच्छेद 116. आदेशाचा दिवस धरायचा नाही. नक्कल मिळायला लागलेला काळ वजा होतो, पण लोकांची गफलत इथेच होते. नक्कल अर्ज दिला तिथपासून नक्कल तयार झाली तिथपर्यंतचे दिवस वजा होतात. अर्ज द्यायला तुम्ही लावलेले दिवस वजा होत नाहीत, आणि तयार झालेली नक्कल न्यायला उशीर केला तर तेही नाहीत.

समजा आदेश 5 जूनला झाला, नक्कल अर्ज 9 जूनला दिला, नक्कल 17 जूनला तयार झाली. 9 ते 17 हे 9 दिवस वजा, म्हणजे 5 जुलैऐवजी 14 जुलैपर्यंत मुदत. नक्कल 17 ला तयार असून तुम्ही 24 ला नेली तरी 14 जुलैच.

सही-शिक्क्याच्या नकलेचं शेवटचं पान उलटून बघा. तिथे अर्जाची तारीख, तयार झाल्याची तारीख आणि दिल्याची तारीख असा शिक्का असतो, त्यात शाईने तारखा भरलेल्या असतात. अपील दाखल करताना कार्यालय पहिल्यांदा तोच शिक्का वाचतं. तारखा पुसट असतील तर नक्कल विभागातून तिथल्या तिथे नीट करून घ्या. नंतर कोणी ऐकत नाही.

शेवटचा दिवस सुट्टीत आला तर न्यायालय उघडेल त्या दिवशी दाखल करता येतं. पण दिवस आधीच उलटले असतील तर विलंब माफीचा अर्ज शपथपत्रासह अपिलासोबतच द्यावा लागतो. मग समोरच्याला नोटीस निघते, तो म्हणणं देतो, आणि मूळ प्रश्न बाजूला राहून महिने विलंबावर जातात. शेतात जेसीबी उभा असताना हे परवडत नाही.

अजून एक. समोरचा पक्ष जिंकलाय, म्हणजे त्याने जिल्हा न्यायालयात कॅव्हेट, म्हणजे 'आम्हाला ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नका' असा अर्ज, लावलेलं असण्याची दाट शक्यता आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 148ए प्रमाणे ते 90 दिवस चालतं, आणि त्याची प्रत तुमच्या वडिलांना रजिस्टर पोस्टाने यायला हवी. घरी असं पाकीट आलंय का विचारा. बरेच वडीलधारे कोर्टाचं पाकीट बघून ते परत पाठवतात. कॅव्हेट असेल तर त्यांना प्रती देऊनच तुमचा अर्ज पुढे सरकेल.

रानवाट

अभिलेख काका, पाकीट आलं होतं. आण्णांनी सही करून घेतलं आणि कपाटात ठेवलं. फोनवर वाचून घेतलं, कॅव्हेटच आहे. मनापासून आभार.

लालमाती

माझी बाजू याच्या बरोबर उलटी आहे, म्हणून इथेच विचारतो. कोकणात वडिलोपार्जित घर आहे. वाशे कुजले होते म्हणून कौलं उतरवून नवीन लाकूड चढवायचं काम काढलं. चुलत भावाने दावा लावून एकतर्फी "जैसे थे" हुकूम आणला. आता अर्धं घर उघडं आहे, वर ताडपत्री बांधली आहे आणि जून तोंडावर आलाय. पुढची तारीख लांबची आहे. मला अपील करता येतं का, की तारखेपर्यंत गप्प बसायचं?

काळा_कोट

लालमाती, गप्प मुळीच बसू नका. तुमच्या हातात आत्ता बरंच काही आहे.

नियम असा आहे की मनाई देण्याआधी समोरच्याला नोटीस द्यायची. नोटिशीमुळे हेतूच विफल होत असेल तरच एकतर्फी हुकूम, आणि तोही कारणं लिहून. आदेश 39 नियम 3. शिवाय हुकूम घेणाऱ्यावर बंधन असतं: दावा, अर्ज, शपथपत्र आणि कागदांच्या प्रती त्याने तुम्हाला लगेच पाठवायच्या, आणि पाठवल्याचं शपथपत्र त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी न्यायालयात द्यायचं. उद्या सकाळी तुमचे वकील रोजनामा (न्यायालयाची तारीखवार नोंद) आणि दप्तर तपासू देत. ते शपथपत्र नसेल तर हुकूम रद्द करायला तो भक्कम आधार आहे.

एकतर्फी हुकूम दिल्यापासून 30 दिवसांत न्यायालयाने अर्जाचा अंतिम निर्णय करण्याचा प्रयत्न करायचा असतो, नाही जमलं तर कारण नोंदवायचं. हा नियम 3ए. हुकूम रद्द किंवा बदल करण्याचा अर्ज नियम 4 खाली. एकतर्फी हुकुमावर थेट अपीलही चालतं, आणि 30 दिवस उलटूनही अर्ज तसाच पडून असेल तर अपिलाची वाट खुली आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली सांगितलं आहे.

पण तुमच्या जागी मी असतो तर आज अपिलाच्या तयारीत वेळ घालवला नसता. उद्याच तातडीचा अर्ज दिला असता: हुकुमात बदल करून फक्त छप्पर पूर्ववत करायची परवानगी द्यावी. सोबत हमीपत्र, की काम जुन्याच मापाने, जुन्याच चौथऱ्यावर, स्वतःच्या खर्चाने आणि जोखमीवर होईल. त्यावरून कोणताही नवा हक्क सांगणार नाही. दावा भावाच्या बाजूने गेला तर खर्च मागणार नाही. घराचे आजचे फोटो लावा. सामाईक घरात पावसाळ्यात भिंत पडली तर नुकसान भावाचंही आहे, हे न्यायाधीशांना सांगावं लागत नाही. न्यायालयाला सुट्टी लागली असेल तर सुट्टीतील न्यायाधीशांपुढे अर्ज ठेवता येतो.

लालमाती

जैसे थे म्हणजे नेमकं काय, हाही वाद आहेच. भाऊ म्हणतो ताडपत्री बदलणंसुद्धा हुकुमाचा भंग.

काळा_कोट

अशा हुकुमांवरचा माझा जुना राग आहे. "दोन्ही पक्षांनी जैसे थे परिस्थिती ठेवावी" एवढंच लिहिलं आणि परिस्थिती काय ती लिहिली नाही, की दोघे आपापली परिस्थिती घेऊन भांडायला मोकळे. हुकूम मागणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं. अर्जातच लिहा: आज तारीख अमुकला बांध इतका फूट रुंद उभा आहे, प्रतिवादीने तो तोडू नये, खोदू नये. घर असेल तर कोणत्या खोल्या, कोणाच्या कुलपात. स्पष्ट हुकूम मोडला तर सिद्ध करता येतो, मोघम हुकूम कोणी मोडला हे कधीच ठरत नाही.

तुम्ही त्याच अर्जात स्पष्टीकरणही मागा. आणि एक आधार म्हणून सांगतो: अपुऱ्या कारणांवर मनाई घेऊन समोरच्याचं नुकसान केलं असं ठरलं तर त्याच संहितेच्या कलम 95 प्रमाणे 50,000 रुपयांपर्यंत भरपाई मागता येते. रक्कम छोटी आहे, पण हे कलम लोकांना माहीतच नसतं.

मुळशीकर_

एक शंका. आमच्या गावात सगळे सांगतात की स्थगिती सहा महिन्यांनी आपोआप उठते. मग एकतर्फी हुकूम आला तरी सहा महिने कळ काढायची की झालं. हे खरं का?

काळा_कोट

आता खरं नाही. 2018 मध्ये एशियन रिसर्फेसिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांनी असं म्हटलं होतं की दिवाणी किंवा फौजदारी खटल्याच्या कामकाजाला दिलेली स्थगिती, कारणं देऊन वाढवली नाही तर, सहा महिन्यांनी संपेल. 29 फेब्रुवारी 2024 ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ते बदललं. स्थगिती केवळ वेळ गेला म्हणून आपोआप उठत नाही. तोही प्रश्न मुळात वरच्या न्यायालयाने खालच्या खटल्याला दिलेल्या स्थगितीचा होता, शेतावरच्या मनाई हुकुमाचा नव्हताच. त्या ऐकीव गोष्टीवर विसंबून कोणी बांधकाम सुरू केलं तर तो सरळ हुकुमाचा भंग आहे.

सह्याद्री_वारा

भंग केला तर पोलीस पकडतात ना?

काळा_कोट

पोलीस ठाण्यात बहुतेक वेळा "दिवाणी मॅटर आहे, कोर्टात जा" हेच उत्तर मिळतं. मनाई हुकुमाच्या भंगाचा अर्ज त्याच न्यायालयात, आदेश 39 नियम 2ए खाली द्यायचा. न्यायालय मिळकत जप्त करू शकतं आणि 3 महिन्यांपर्यंत दिवाणी कैदेत ठेवू शकतं. मात्र हुकूम समोरच्याला माहीत होता आणि त्याने जाणूनबुजून मोडला, हे नीट सिद्ध करावं लागतं. म्हणून बेलिफाकडून बजावणी करून घ्या, तारीखवार फोटो ठेवा, शेजारच्या दोघांची शपथपत्रं घ्या. पोलिसांची मदत हवी असेल तर तसा वेगळा अर्ज देऊन न्यायालयाकडूनच निर्देश मिळवावे लागतात.

शुभदा_कु

मी भूमी अभिलेखच्या कामाशी संबंधित आहे. रानवाट यांच्या मोजणीच्या प्रश्नाकडे अजून कोणी वळलं नाही, म्हणून लिहिते.

हद्दकायम मोजणीचा अर्ज आजच द्या. द्रुतगती मोजणीची फी भरली तर तारीख लवकर मिळते. लगतधारकांना नोटीस जाते. समोरचे हजर राहोत न राहोत, नोटीस बजावल्याचा पुरावा प्रकरणात असला पाहिजे, कारण पुढे "आम्हाला कळवलंच नाही" हीच हरकत येते. मोजणीच्या दिवशी वडिलांसोबत एक जाणता माणूस उभा राहू दे. जुने दगड, विहिरीची कड, बांधावरच्या झाडांचे बुंधे, जे काही कायम खुणा म्हणून दाखवता येईल ते मोजणीदाराला दाखवा आणि टिपणात घ्यायला सांगा. पाडलेल्या बाभळीचा बुंधा जमिनीत अजून असेल तर तो कोणालाही उकरू देऊ नका. बांध कुठून जात होता याची तीच जिवंत खूण आहे.

नंतर "क" प्रत, म्हणजे मोजणीच्या नकाशाची प्रत, मिळेल. त्यात वहिवाटीची हद्द आणि अभिलेखाप्रमाणे हद्द वेगवेगळ्या दाखवतात. त्या दोन रेषांमधली जागा म्हणजे तुमचं कोरलेलं क्षेत्र. समोरच्यांना मोजणी मान्य नसेल तर ते निमताना मोजणी, म्हणजे वरिष्ठांकडून फेरमोजणी, मागतील. त्यामुळे या एका कागदावर सगळा भार टाकू नका.

काळा_कोट

शुभदाताईंनी फार मोलाचं लिहिलं. त्यात कायद्याची बाजू जोडतो.

ही "क" प्रत अपिलात नवा कागद म्हणून द्यायची तर आदेश 41 नियम 27 (अपिलात नवा पुरावा देण्याचा नियम) आडवा येतो. खाली का दिली नाही, याचं पटेल असं कारण लागतं. "आता केली म्हणून" हे पुरेसं होईलच असं नाही. माझ्या मते तिची योग्य जागा मूळ दाव्यात आहे, तीन कारणांसाठी.

न्यायालयामार्फत मोजणी हवी असेल तर आदेश 26 नियम 9 खाली कोर्ट कमिशनर (न्यायालयातर्फे जागेची पाहणी करणारा) नेमण्याचा अर्ज तिथेच करायचा. ताबा कोणाचा हे शोधायला कमिशनर नेमत नाहीत, पण हद्द आणि अतिक्रमण दाखवायला नेमतात. दुसरं, परिस्थिती बदलली तर नामंजुरीनंतरही नव्याने मनाई अर्ज देता येतो. असे मधले आदेश बदलत्या परिस्थितीत बदलता येतात, हे सर्वोच्च न्यायालयाने साठच्या दशकातच मान्य केलं आहे. फक्त खरंच काही नवं हवं. जुनाच अर्ज नवी तारीख घालून दिला तर खर्चासह फेटाळतील.

तिसरं कारण सगळ्यात महत्त्वाचं आणि दाव्याचं भवितव्य त्यावर आहे. रानवाट, तुमचा दावा फक्त मनाईचा आहे. पण बांधाचा काही भाग त्यांनी आधीच आपल्या रानात घेतला आहे. जो भाग हातातून गेला त्याची मनाई मागून उपयोग नाही, त्याचा ताबा परत मागावा लागतो. आणि मालकीवरच शंका घेतली गेली असेल तर घोषणेची दादही, म्हणजे मालकी आपली असं न्यायालयाने जाहीर करावं ही मागणी, लागते. 2008 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ही विभागणी तपशिलाने करून दिली आहे. म्हणजे मोजणी आली की आदेश 6 नियम 17 खाली दावा दुरुस्त करा: अतिक्रमित क्षेत्र, नकाशा, ताबा, बांध पूर्ववत करण्याचा आज्ञार्थी हुकूम. पुरावा सुरू होण्याआधी करा. नंतर केलं तर "एवढे दिवस काय करत होता?" याचं उत्तर द्यावं लागतं.

रानवाट

म्हणजे अपील आणि मूळ दाव्यातली दुरुस्ती, दोन्ही एकाच वेळी?

काळा_कोट

हो. दोन्हींचं काम वेगळं आहे. अपील बांधाचा उरलेला भाग वाचवण्यासाठी, दुरुस्ती गेलेला भाग परत मिळवण्यासाठी.

अपिलात दोन ठिकाणी सांभाळा. नुसत्या अपिलाने काहीही थांबत नाही. आणि अर्ज नामंजूर झालेला असताना "आदेशाला स्थगिती द्या" असा अर्ज करून हाती काही लागत नाही, कारण नामंजुरीला स्थगिती दिली तरी मनाई निर्माण होत नाही. तरी असे अर्ज छापील नमुन्यावरून सर्रास होतात. अपिलाच्या निकालापर्यंत प्रतिवादीने बांध तोडू नये, असा स्वतंत्र मनाई अर्ज अपिलात द्या.

दुसरं, तालुक्याचं मूळ दप्तर वर मागवायचा आग्रह धरू नका. ते वर गेलं की खालचा दावा जागच्या जागी थांबतो. दावा, कैफियत, कागद आणि आदेशाच्या प्रती पानं घालून तुम्हीच द्या. अपील महिनोन् महिने चाललं तरी खाली मुद्दे निघतील, साक्ष सुरू होईल.

अपिलाचा निकाल विरुद्ध गेला तर? कलम 104(2) मुळे दुसरं अपील नाही. मग संविधानाच्या अनुच्छेद 227 खाली उच्च न्यायालयात रिट, आणि तिथे हस्तक्षेपाची जागा अजून अरुंद. तेव्हा या अपिलावरच जोर लावा.

मुळशीकर_

जरा विषयाला सोडून, पण शेताचा रस्ता अडवला असेल तर तहसीलदारांकडे जाता येतं ना? माझ्या मामाला सगळे कोर्टात जा म्हणतात.

अभिलेख

येतं. मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 च्या कलम 5 खाली, अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. वहिवाटीचा रस्ता असेल तर आधी तिथे जावं. नवा रस्ता बांधावरून मागायचा असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम 143. तहसीलदारांचा तो निर्णय मान्य नसेल तर एका वर्षात दिवाणी दावा लावता येतो. मामांना तारखा लिहून ठेवायला सांगा. रस्ता कधी अडवला हे महिन्यासकट सांगता आलं पाहिजे.

लालमाती

कळवायला आलो. दप्तरात पाठवणीचं शपथपत्र नव्हतं. ते दाखवून आणि फोटो लावून छपराचा अर्ज दिला. न्यायाधीशांनी भावाच्या वकिलांना त्याच दिवशी म्हणणं द्यायला लावलं आणि हमीपत्रावर छप्पर पूर्ण करायची परवानगी दिली. बाकी हुकूम तसाच आहे, नियम 4 चा अर्ज पुढच्या तारखेला. सुतार कालपासून कामावर आहे. काळा_कोट साहेब, आमच्या घरातल्या सगळ्यांकडून नमस्कार.

काळा_कोट

फार बरं वाटलं. काम चालू असताना रोजचे फोटो ठेवा आणि जुन्या मापाबाहेर एक इंचही जाऊ नका. हमीपत्र मोडलं तर पुढचा अर्ज कोणी ऐकणार नाही.

रानवाट

इकडची खबर. अपील मुदतीत दाखल झालं, कॅव्हेटवाल्यांना प्रती आधी दिल्या होत्या. खरेदीखताचा मुद्दा मेमोत पहिल्याच परिच्छेदात घेतला. मनाई अर्जावर अजून निर्णय नाही, पण पहिल्याच दिवशी समोरच्या वकिलांनी पुढच्या तारखेपर्यंत बांधाला हात लावणार नाही अशी पुरशिस (न्यायालयात दिलेलं लेखी निवेदन) दिली. मोजणीची तारीखही मिळाली आहे. बाभळीच्या बुंध्याभोवती आण्णांनी काटेरी फांद्या रोवून ठेवल्यात.

एकच विचारायचं राहिलं. ही पुरशिस मोडली तर ती हुकुमासारखी धरतात का?

काळा_कोट

न्यायालयाने ती रोजनाम्यात नोंदवून तिच्यावर आदेश केला असेल तर तुमची बाजू बरीच भक्कम आहे. नुसती दप्तरात लावून ठेवली असेल तर वाद घालायला जागा राहते. उद्या रोजनामा काढून बघा, ई-कोर्ट अ‍ॅपवर तुमचा सीएनआर क्रमांक (प्रत्येक प्रकरणाला मिळणारा स्वतंत्र क्रमांक) घातला तर तारीखवार नोंदीही दिसतील. पुरशिशीवर आदेश नसेल तर पुढच्या तारखेला वकिलांनी सुरुवातीलाच उभं राहून तेवढं मागून घ्यावं, मग युक्तिवाद.